फॅन क्लच नीट काम करतोय का? गाडी तापण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी, क्वालिस, टॅव्हेरा, इनोव्हा. या गाड्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांमध्ये रेडिएटरच्या मागचा मोठा पंखा व्हिस्कस फॅन क्लचवर बसवलेला असतो. हा क्लच ढिला पडला की मे महिन्यात, एसी लावून, माणसं भरून घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. मग रेडिएटर उघडला जातो, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून फेकला जातो, कधी हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकणही उतरवलं जातं. क्लचकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. खरं तर तो तपासायला बहुतेक वेळा एक पानाही लागत नाही, म्हणून ही सगळी उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

फॅन क्लच म्हणजे नेमकं काय? पंखा थेट पुलीवर का बसवत नाहीत?

जुन्या जीपमध्ये आणि अँबॅसिडरमध्ये पंखा थेट वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असायचा. इंजिन जितकं पळेल तितका पंखा पळायचा, गरज असो वा नसो. अडचण अशी की पंख्याचा वेग दुप्पट झाला की तो फिरवायला लागणारी ताकद आठपट होते. हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवायला पुरेसा असतो. तेव्हा पंखा पूर्ण वेगाने फिरवणं म्हणजे डिझेल जाळून नुसता आवाज काढणं.

फॅन क्लच पुली आणि पंख्याच्या मध्ये बसतो. रेडिएटर थंड असेल तेव्हा तो पंख्याला घसरू देतो, तापला की पकडतो. थंड असताना पंखा पुलीच्या वेगाच्या साधारण २० ते ३० टक्क्यांनी फिरतो, पकडल्यावर ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जातो. पूर्ण शंभर टक्के पकड व्हिस्कस क्लचमध्ये कधीच नसते. थोडी घसरण त्याच्या रचनेतच आहे.

माझ्या गाडीत तो आहे की नाही, कसं ओळखू?

इंजिन बंद करा, किल्ली काढा, बोनेट उघडा. मोठ्या पंख्याच्या मधोमध, रेडिएटरच्या बाजूला तोंड करून एक ताटलीएवढा ॲल्युमिनियमचा डबा दिसेल. त्याच्या अंगावर उभ्या पट्ट्या असतात आणि तोंडावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी किंवा एक सरळ चपटी पट्टी असते. तोच फॅन क्लच.

पंख्यामागे इलेक्ट्रिक मोटर आणि वायर दिसली तर तुमच्या गाडीत क्लच नाही. स्विफ्ट, आय-टेन, टियागो अशा आडव्या इंजिनाच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंखाच असतो. त्याची तपासणी सोपी आहे: गाडी चालू करून एसी लावा, पंखा सुरू झाला पाहिजे. नाही झाला तर फ्यूज, रिले आणि मोटर पाहा. पुढची बहुतेक उत्तरं तुमच्यासाठी नाहीत.

काही गाड्यांत दोन्ही असतात, मागे क्लचवरचा मोठा पंखा आणि पुढे एसीच्या कंडेन्सरसमोर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) छोटा इलेक्ट्रिक पंखा. या छोट्या पंख्यापासून हात लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

आतून तो कसा चालतो?

हे समजून घेतलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप कळतात.

डब्याच्या आत दोन भाग असतात. एक पुलीसोबत फिरतो, दुसरा म्हणजे बाहेरचा डबा, ज्यावर पंखा बसवलेला असतो. दोघांवर गोल गोल खाचा असतात आणि एकाच्या खाचा दुसऱ्याच्या खाचांत शिरलेल्या असतात, पण एकमेकांना टेकत नाहीत. मधल्या बारीक फटीत सिलिकॉन ऑइल आलं की ते दाट तेल पुलीची गती पंख्याकडे ओढून नेतं. तेल नसेल तर पंखा जवळजवळ मोकळा.

तेल आत येऊ द्यायचं की नाही, हे तोंडावरची ती पट्टी ठरवते. ती दोन वेगवेगळ्या धातूंची असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी पिळली जाते, आतली झडप फिरते आणि साठ्यातलं तेल फिरण्याच्या जोराने खाचांकडे फेकलं जातं. हवा थंड झाली की झडप बंद होते आणि खाचांतलं तेल परत साठ्याकडे ढकललं जातं.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पट्टीला पाण्याचं तापमान कळत नाही, तिला फक्त रेडिएटरमागून येणारी हवा कळते. तेल गळालं तर पकड जाते. आणि बेअरिंग किंवा आतले भाग जाम झाले तर पंखा पुलीला कायमचा चिकटतो.

गाडी तापतेय. हा क्लचचाच दोष आहे, असं कोणत्या लक्षणांवरून म्हणता येईल?

गाडी कुठे तापते, हे सगळ्यात आधी बघा. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं.

गाडी सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत किंवा खंबाटकीसारख्या चढावर कमी वेगात तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पळायला लागली की काटा खाली येतो. असं असेल तर संशय पंख्यावर घ्या. गाडी हळू असते तेव्हा रेडिएटरमधून हवा ओढायचं काम एकट्या पंख्याचं असतं.

उलट, सपाट हायवेवर नव्वदच्या वेगाने जाताना तापत असेल तर पंखा निर्दोष आहे असं धरून चाला. तिथे भरपूर वारा येतो आहे. मग रेडिएटर आतून चोंदलेला असणं, थर्मोस्टॅट अडकणं, वॉटर पंपाची पाती झिजणं, कूलंट कमी असणं किंवा हेड गॅस्केट, यांपैकी काहीतरी आहे.

आणखी एक लक्षण बरेच जण नजरेआड करतात. ट्रॅफिकमध्ये एसी गार करायचा थांबतो आणि गाडी पळू लागली की पुन्हा गार करतो. कंडेन्सरमधूनही हवा तोच मोठा पंखा ओढतो. काटा हलण्याच्या कितीतरी आधी एसी ही खूण देतो. गॅस भरून घेण्याआधी फॅन क्लच बघा.

थंड इंजिनवर हाताने फिरवून कसं तपासायचं?

गाडी किमान काही तास उभी असावी. किल्ली खिशात ठेवा. ओढणी, उपरणं, लोंबती बाही, गळ्यातलं काही पंख्याजवळ येऊ देऊ नका. ही सवय इंजिन बंद असतानाही ठेवावी.

पंख्याचं एक पातं धरून जोरात ढकला आणि सोडा. चांगला क्लच हाताला थोडा जड लागतो, गुळगुळीत फिरतो आणि एक-दोन, फार तर तीन फेऱ्यांत थांबतो. फिरवताना आतल्या तेलाची सलग ओढ जाणवायला हवी.

पंखा सहज पाच-सहा फेऱ्या फिरत राहिला आणि हाताला काही ओढच लागली नाही, तर तेल गेलं आहे. अजिबात हलला नाही किंवा त्याच्यासोबत बेल्टही ओढला जायला लागला, तर तो जाम आहे. कुठेतरी अडखळत, खरखरत फिरला तर बेअरिंग पाहायला हवं.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पंखा जरा जास्तच जड लागतो. इंजिन बंद असताना तेल हळूहळू खाचांत उतरतं, म्हणून तसं होतं. तेवढ्यावरून क्लच जाम आहे असं ठरवू नका. इंजिन पाच मिनिटं चालवून, बंद करून पुन्हा फिरवून पाहा.

थंडमध्ये ठीक वाटला, म्हणजे क्लच चांगला आहे ना?

नाही. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. क्लचचं खरं काम तापल्यावर सुरू होतं. तेल शाबूत असूनही पट्टी काम करत नसेल किंवा झडप अडकली असेल तर थंडमध्ये सगळं ठीक वाटतं आणि घाटात गाडी तापते. थंडमध्ये किती ओढ आहे आणि गरममध्ये किती, हा फरक पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

मग गरम इंजिनवर कसं बघायचं?

दोन रीती आहेत, दोन्ही इंजिन बंद करूनच.

पहिली डोळ्यांची. गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, शक्य असेल तर एसी लावून चढावर. लगेच थांबा, बोनेट उघडून बाजूला उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला इंजिन बंद करायला सांगा. चांगला, पकडलेला क्लच असेल तर इंजिनासोबत पंखाही जवळजवळ लगेच थांबतो, फार तर एखादी फेरी. इंजिन थांबल्यावरही पंखा आरामात तीन-चार फेऱ्या मारत राहिला तर क्लच घसरतो आहे.

दुसरी हाताची. इंजिन बंद, किल्ली बाहेर, पंखा पूर्ण थांबलेला. जाड हातमोजा घालून पातं फिरवा. थंडमध्ये जेवढा जड होता त्याहून आता स्पष्ट जड लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच लागला तर पट्टी-झडपेचा भाग काम करत नाही. रेडिएटरच्या होसला आणि झाकणाला हात लावू नका.

काही मेकॅनिक चालू पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून तो थांबतो का बघतात. मी करू का?

करू नका. कागदाने पंखा थांबला तर क्लच घसरतो, असा त्यामागचा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. पण थंड इंजिनवर चांगला क्लचही घसरतो, त्यामुळे निकाल बहुतेक वेळा दिशाभूल करणाराच निघतो. वर, प्लॅस्टिकचं पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसू शकतं आणि कागदासोबत बोटं आत जायला क्षणही लागत नाही. इंजिन बंद करून पंख्याच्या फेऱ्या बघण्याची रीत तेच उत्तर देते, कोणाचा हात न गमावता.

घाटापर्यंत न जाता घरासमोरच क्लच पकडतो का, हे कसं पाहू?

रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून पाहता येतं. ही तपासणी थोडी सांभाळून करायची आहे.

आधी थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघून घ्या. गाडी मोकळ्या जागेत, सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. ग्रिलसमोर मोठा पुठ्ठा असा लावा की निम्म्याहून जास्त भाग झाकला जाईल आणि पुठ्ठा ओढला जाऊन आत जाणार नाही. मग इंजिन चालू करून साधारण २,००० आरपीएमवर धरा. तापमानावर सतत नजर ठेवायला एक माणूस आत बसलेला हवा.

कूलंट ९०-९५ अंशांच्या पुढे गेल्यावर कधीतरी पंख्याचा आवाज बदलला पाहिजे, साध्या फिरण्याच्या आवाजावरून एकदम घों घों करणारा. इंजिनाचा आवाज तोच, पण वाऱ्याचा आवाज वाढलेला. तो आला की क्लचने पकडलं. पुठ्ठा काढा आणि इंजिन चालू राहू द्या. काही मिनिटांत तापमान उतरेल आणि आवाजही खाली येईल. सोडताना आवाज उतरला नाही तर झडप उघडीच अडकली आहे.

तापमान १०५ अंशांवर गेलं आणि आवाजात फरकच नाही, तर पुठ्ठा लगेच काढा आणि तपासणी थांबवा. उत्तर मिळालं आहे.

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबून हे करू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्ये स्थिर ठेवलेला असतो आणि खरं तापमान वीसेक अंशांनी वर-खाली झालं तरी तो हलत नाही. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) डिझेल आणि नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेटला, म्हणजे स्कॅनर जोडायच्या खोबणीला, छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान वाचता येतं. जुन्या गाड्यांसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो. त्याचा नेम रेडिएटरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीवर किंवा रबरी होसवर धरा. चकचकीत धातूवर धरला तर तो तापमान कमी दाखवतो.

आकड्यात मोजता येतं का? "आवाज वाढला" यावर माझा भरवसा नाही.

येतं. लांबून आरपीएम मोजणारा टॅकोमीटर घ्या. इंजिन बंद असताना एका पात्यावर आणि वॉटर पंपाच्या पुलीवर त्यासोबत मिळणारी चमकती पट्टी चिकटवा. एकाच इंजिन आरपीएमवर थंडमध्ये आणि गरममध्ये दोन्हींचा वेग मोजा. पंख्याचा वेग पुलीच्या वेगाशी ताडून बघायचा, इंजिनाच्या वेगाशी नाही, कारण पुल्यांचे आकार वेगळे असल्याने वॉटर पंप इंजिनाहून वेगळ्या वेगाने फिरतो. गरममध्ये पंखा पुलीच्या निम्म्यावरच रेंगाळत असेल तर क्लच बदलायच्या लायकीचा झाला आहे.

सकाळी गाडी चालू केली की पंखा मोठ्याने घोंघावतो आणि थोड्या वेळाने शांत होतो. बिघाड आहे का?

नाही. रात्रभर खाचांत उतरलेलं तेल साठ्यात परत जाईपर्यंत पंखा पकडलेला राहतो. एक-दोन मिनिटांत, थोडं रेस केल्यावर आवाज जातो. उलट ही चांगली खूण आहे. आत तेल आहे, याची ती साक्ष.

आवाज कधी जातच नाही. सकाळ, संध्याकाळ, हायवे, सगळीकडे घोंघावतो.

मग क्लच पकडलेल्या अवस्थेत अडकला आहे. रेस वाढवली की आवाज त्याच प्रमाणात वाढतो, पिकअप दबलेला वाटतो, डिझेल जास्त जातं आणि थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो. गाडी तापत नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच चालवतात. पण वॉटर पंपाच्या बेअरिंगवर आणि बेल्टवर सतत जादा भार पडत राहतो. पुढे वॉटर पंप गळायला लागला की खर्च दोन जागी होतो.

एक शक्यता आधी तपासा. रेडिएटरचे फिन (जाळीतल्या पातळ पट्ट्या) चिखलाने भरलेले असतील किंवा गाडी खरंच गरम चालत असेल, तर क्लच बरोबरच पकडून आहे. तो बिचारा आपलं काम करतो आहे, दोष दुसरीकडे आहे.

क्लचच्या तोंडावर तेलकट डाग आणि चिकटलेली धूळ दिसते. चालेल?

पट्टीच्या मधल्या दांड्याभोवती हलका काळपटपणा जुन्या क्लचवर असतो. पण मध्यापासून कडेकडे पसरलेल्या ओल्या रेघा, त्यात रुतलेली धूळ किंवा मागच्या बेअरिंगजवळ ओल दिसत असेल तर सिलिकॉन ऑइल बाहेर पडतं आहे. आत ते मुळात थोडंच असतं. पावसाळ्यात अंदाज चुकू शकतो, म्हणून एकदा पुसून घ्या, आठवडाभर गाडी चालवा आणि पुन्हा बघा.

त्याच वेळी खेळ, म्हणजे ढिलेपणाही बघा. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाशी साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त हललं तर क्लचचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं आहे. कोणतं, ते ओळखायला पुली धरून हलवा. पुलीच हलत असेल तर दोष पंपात. हा खेळ अंगावर काढू नका. पंखा रेडिएटरला टेकला की रेडिएटर फाटतो, आणि तो घरासमोर सहसा फाटत नाही.

पट्टीही जवळून बघा. तुटलेली, दांड्यातून निसटलेली किंवा चिखलात लिंपलेली असेल तर तिला हवेची ऊब कळणार नाही. मऊ ब्रशने साफ करा, वाकवू नका.

क्लच चांगला निघाला, तरी ट्रॅफिकमध्ये गाडी तापते. मग?

आधी श्राउड बघा. पंख्याभोवतीचं ते प्लॅस्टिकचं कडं लोक काम करताना काढतात आणि परत बसवायचं राहतं, किंवा ते तुटलेलं असतं. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी स्वतःच्या भोवतीचीच गरम हवा घुसळत राहतो. नवा क्लच टाकूनही फरक पडत नाही, त्याचं कारण कितीदा तरी हेच असतं. पाती श्राउडच्या कड्यात साधारण निम्मी आत असावीत.

मग रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामधली फट बघा. ही जागा वरून दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी साफ करत नाही. विदर्भ-मराठवाड्यात कापसाचे तंतू, ऊसपट्ट्यात पाचटाचा भुगा, पावसाळ्यात किडे आणि चिखल, सगळं तिथे जाऊन बसतं. एका बाजूने टॉर्चचा उजेड पाडून बघा, पलीकडे उजेड दिसला पाहिजे. साफ करताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, हलक्या दाबाने. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की ॲल्युमिनियमचे फिन आडवे होतात आणि मग हवा कायमचीच अडते.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रेडिएटर आतून चोंदलेला असेल तर त्याच्या मधल्या भागातून गरम पाणी फिरतच नाही, तिथून येणारी हवा थंड राहते आणि पट्टीला वाटतं सगळं ठीक आहे. क्लच चांगला असूनही पकडत नाही. कूलंट १०५ अंशांवर आणि पंखा शांत, असं दिसलं तर क्लचला दोष देण्याआधी थर्मामीटरने रेडिएटरच्या पृष्ठभागाचं तापमान जागोजागी मोजा. मधले पट्टे थंड लागले तर रेडिएटर उतरवा. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारांचं पाणी कूलंटऐवजी भरत गेलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

माझ्या क्लचला वायर आणि कनेक्टर आहे. हाताने फिरवून कळेल?

पूर्ण नाही. काही नव्या गाड्यांत झडप इसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हुकुमाने चुंबकाने उघडते. त्या क्लचमध्येही सिलिकॉन ऑइलच असतं, त्यामुळे गळती, खेळ आणि जाम होणं यांची तपासणी तीच. पण पकड येते की नाही, हे स्कॅनर लावून, पंखा चालवण्याचा हुकूम देऊन आणि त्याचा वेग वाचून बघावं लागतं. कनेक्टरमध्ये पाणी किंवा गंज नाही ना आणि वायर पंख्याला घासत नाही ना, एवढं मात्र घरी बघता येतं.

मेकॅनिक म्हणतो, "क्लच वेल्ड करून पंखा डायरेक्ट करू, झंझटच नको." करावं का?

माझं उत्तर ठाम नाही असं आहे.

आधी सांगितलं तसं, पंखा फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. क्लचचा पंखा इंजिनाच्या वरच्या आरपीएमवर पूर्ण वेगाने फिरण्यासाठी बनवलेलाच नसतो, कारण तिथे क्लच मुद्दाम घसरतो. डायरेक्ट केल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना प्लॅस्टिकच्या पात्यांवर त्यांनी कधी न सोसलेला ताण येतो. पातं सुटलं तर बोनेट, रेडिएटर आणि समोर उभा असलेला माणूस, काहीही त्याच्या वाटेत येऊ शकतं. वॉटर पंपाचं बेअरिंग लवकर जातं, डिझेलचा खर्च रोज वाढतो. आणि पाण्यातून गाडी घालताना डायरेक्ट पंखा पाण्याला जोरात थडकतो. पाती पुढे वाकून रेडिएटरला लागण्याचा धोका तिथे खराच आहे.

रात्री आडवाटेला अडकून मुक्कामापर्यंत हळू पोहोचायचं म्हणून कोणी तात्पुरतं बांधलं तर ती वेगळी गोष्ट. दुसऱ्या दिवशी ते सोडवायचंच.

क्लचमध्ये सिलिकॉन ऑइल भरून मिळतं म्हणे?

काही क्लचांत शक्य आहे. पुढचं झाकण स्क्रूने बसवलेलं असेल तर उघडता येतं. टोयोटा या कामासाठी सिलिकॉन ऑइलच्या १८ मिलिलिटरच्या छोट्या नळ्या विकते, ३,०००, ६,००० आणि १०,००० सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) अशा वेगवेगळ्या दाटपणाच्या. यावरून आत तेल किती कमी असतं आणि दाटपणाला किती महत्त्व आहे, ते कळेल. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा ग्रीस चालत नाही.

बेअरिंगला खेळ नसेल, सील गळत नसेल आणि काम करणारा ते आधी केलेला असेल, तरच हा मार्ग धरा. गळक्या क्लचमध्ये भरलेलं तेल पुन्हा गळणारच. काठ दाबून बंद केलेले क्लच उघडायच्या फंदात पडू नका.

घाटातच काटा वर चढायला लागला. त्या क्षणी काय करायचं?

एसी बंद. हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगात, खिडक्या उघड्या. मे महिन्यात नकोसं वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची उष्णता बाहेर टाकतो. वरच्या गिअरमध्ये ढकलत नेऊ नका. एक गिअर खाली घेऊन इंजिन मध्यम आरपीएमवर ठेवा, पाय हलका. वॉटर पंप जोरात फिरतो आणि घसरणारा क्लचही पंख्याला थोडा जास्त वेग देतो.

तरी चढतच असेल तर सुरक्षित जागा बघून थांबा. कूलंट गळत नसेल आणि वाफ नसेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं थोड्या चढ्या आयडलवर ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहील. वाफ दिसली, कूलंट सांडलं किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, तर मात्र ताबडतोब बंद.

रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते क्षणात उसळून चेहऱ्यावर येतं. दरवर्षी उन्हाळ्यात माणसं यातच भाजतात. वरचा होस हाताला सोसवेल इतका निवल्यावरच झाकणाला हात लावा, तोही जाड फडक्यातून. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा आत एकदम थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

क्लच काढून त्याजागी इलेक्ट्रिक पंखा बसवला तर?

होऊ शकतं, पण मोठ्या डिझेल इंजिनाच्या जड गाडीवर मला तो बदल पटत नाही. मूळ पंखा ओढतो तेवढी हवा बाजारातला एखादा छोटा इलेक्ट्रिक पंखा ओढत नाही. पुरेसे मोठे पंखे लावले तर आल्टरनेटर, रिले, जाड वायर, तापमानाचा स्विच, सगळंच त्याप्रमाणे हवं. यातलं एक जरी कच्चं राहिलं तर बिघाड पुन्हा घाटातच उघडा पडतो.

नवा क्लच बसवताना काय सांभाळायचं?

पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलचा, इंजिनाचा आणि वर्षाचा जुळवून घ्या. बाहेरून सारखे दिसणारे क्लच वेगवेगळ्या तापमानाला पकडणारे असतात. डिलिव्हरी घेताना हाताने फिरवून बघा, नव्यालाही तीच सलग ओढ हवी.

काही गाड्यांत क्लच चार नटांवर बसतो, काहींत मधल्या एका मोठ्या नटावर. मोठ्या नटाचे आटे काही गाड्यांत उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी कोणत्या बाजूने सुटतो ते मॅन्युअलमध्ये पाहा. पुली धरायचा पाना नसताना छिन्नी-हातोड्याने ठोकून नट सोडवला की वॉटर पंपाचं बेअरिंग दुखावतं. पंखा उतरवलेलाच आहे तर प्रत्येक पात्याच्या मुळाशी तडा आहे का ते बघा. तडा असेल तर पंखाही बदला, चिकटवू नका. बेल्ट आणि वॉटर पंपाची तपासणीही त्याच वेळी उरका.

क्लच बसवेपर्यंत तो गाडीत असतो तसाच, उभा ठेवा. आडवा, तोंडावर पालथा ठेवला तर तेल नको तिथे सरकतं आणि सीलमधून झिरपू शकतं. दुकानात आडवा पडून असलेला मिळाला असेल तर बसवण्याआधी काही तास उभा ठेवा. बसवल्यावर पंखा हाताने पूर्ण फिरवून कुठे श्राउडला घासत नाही ना बघा, आणि पहिल्यांदा तापल्यावर गरम इंजिनावरची तपासणी पुन्हा एकदा करा. थंडमध्ये आणि गरममध्ये तो किती जड लागला, ते गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्याआधी ताडून बघायला उपयोगी पडेल.